आईकडची प्रत

सांगलीहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्यावर मगदूमांचं चार खोल्यांचं घर होतं. त्या घराच्या स्वयंपाकघराला लोखंडी दार होतं आणि ते फक्त राजमतीच्या अंगठ्याने उघडायचं. तिचा नवरा भूपाल द्राक्षबागांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करायचा. दार त्यानेच बसवलं होतं, पण स्वतःच्या अंगठ्याची नोंद त्याने मुद्दाम केली नव्हती. लेक रडायला लागली की आपल्याला नाही म्हणणं जमणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

लेकीचं नाव चंदना. वय तेवीस, पण उंची सातवीतल्या मुलीएवढी. हातपाय लहानखुरे, डोळे बदामी. जन्मली तेव्हा तिच्या अंगात दूध ओढायचंही बळ नव्हतं. चौथ्या वर्षी तिला भूक लागायला लागली आणि ती पुढे कधी थांबली नाही. पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूपर्यंत पोचायचाच नाही. दोन भाकऱ्या खाऊन उठलेली मुलगी थोड्याच वेळात उपाशी माणसाच्या नजरेने आईच्या हाताकडे बघत बसायची. एकदा शेजारच्या गोठ्यात जाऊन तिने म्हशीपुढची सरकी पेंड ओंजळीने खाल्ली. एका लग्नात ती पंगतीतल्या उष्ट्या पत्रावळींपाशी सापडली, तेव्हापासून मगदूमांनी लग्नांना जाणं सोडलं. राजमतीने बालवाडीतली नोकरी त्याआधीच सोडली होती.

भूक बाजूला ठेवली तर चंदना गोड मुलगी होती. चित्रांचे तुकडे जुळवायची कोडी ती कुणालाही हार जाणार नाही अशी सोडवायची. बोलायला लागली की थांबायची नाही. आणि हट्टी इतकी, की तिचं कोडं कुणी हलवलं तर गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जायचा.

आजाराचं नाव प्राडर-विली. त्यावर इलाज निघतोय, हे मगदूमांना कळलं ते दोन हजार एकेचाळीस साली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. तिथल्या डॉ. शिकलगार मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या, बोलायला साध्या. त्यांनी तिघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा दीड-दोन मीटर लांबीचा धागा असतो. एवढा धागा एवढ्याशा जागेत मावायचा तर तो गुंडाळायला हवा. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या बारीक बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे वेटोळी सैल असतात तिथला मजकूर पेशीला वाचता येतो. जिथे घट्ट असतात तिथला वाचता येत नाही. कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं, हे त्या रिळांवर लावलेल्या रासायनिक खुणांवरून ठरतं. आवळायची खूण लावणारं एक एन्झाइम आहे. ते तयार करणारं जनुक आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याला ई-एच-एम-टी-टू म्हणतात.

"चंदनाकडे पंधराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत, आपल्या सगळ्यांसारख्याच," डॉक्टर म्हणाल्या. "वडिलांकडून आलेल्या प्रतीतला एक तुकडा गळून पडलाय. तो कुणाच्या चुकीने पडलेला नाही, असं कधीकधी होतं. आईकडून आलेली प्रत मात्र पूर्ण आहे."

"मग अडलंय कुठे?" राजमतीने विचारलं.

"ती बंद आहे. सगळ्यांचीच तिथली आईकडची प्रत बंद असते. माझीही आहे. शरीर तेवढ्या भागापुरती वडिलांचीच प्रत वाचतं. चंदनाला ती नाही, आणि आईकडची उघडत नाही. ती बंद ठेवण्यात या एन्झाइमचा मोठा वाटा आहे."

इलाज असा होता की पाठीच्या कण्यातून एकदाच एक इंजेक्शन द्यायचं. त्यातले वाहक, म्हणजे औषध वाहून नेणारे निरुपद्रवी विषाणू, मेंदूच्या तळाशी, भुकेचं नियंत्रण करणाऱ्या पेशींपर्यंत पोचायचे आणि तिथे ते जनुक कायमचं मंद करायचे. एन्झाइम कमी झालं की खुणा विरायच्या, वेटोळी सैल व्हायची आणि आईकडची प्रत वाचता यायला लागायची. प्राण्यांमध्ये हे जमलं होतं. काही माणसांवरही करून झालं होतं आणि ती माणसं आता ताटावर शांतपणे बसत होती.

राजमतीने विचारलं की काही बिघडलं तर परत फिरवता येईल का. डॉक्टरांनी लपवलं नाही. त्या म्हणाल्या की परत फिरवता येणार नाही. हे एन्झाइम इतरही बऱ्याच जागा बंद ठेवतं आणि त्यातल्या कुठल्या सैल होतील हे आज कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही. मग त्यांनी खुर्ची चंदनाकडे वळवली आणि तिलाच विचारलं, कारण ती सज्ञान होती आणि निर्णय तिचा होता.

चंदनाने विचार केला. "मला एकटीला बाजारात जायचंय," ती म्हणाली. "गणपती पेठेत. भडंगाच्या दुकानावरून. कुणी हात न धरता."

 परतीच्या गाडीत राजमती कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत मनाशी तेच तेच घोळवत होती. आपण लेकीला सगळं दिलं होतं. ते तेवीस वर्षं तिच्या अंगात होतं आणि बंद होतं.

*

इंजेक्शन थंडीत झालं. त्यानंतर काही आठवडे काहीच घडलं नाही. मग एका दुपारी चंदना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली आणि हात धुवायला गेली.

राजमतीला वाटलं, हिला ताप आलाय. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं गं?"

"काही नाही. झालं माझं."

भूपाल घरी आला तेव्हा राजमती ते ताट पुढ्यात घेऊन तशीच बसली होती. त्याने अर्ध्या भाकरीकडे पाहिलं, आपल्या दुरुस्तीच्या दुकानातून कटर आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या कापून टाकल्या. लोखंडाच्या ठिणग्या उडत असताना चंदना कानांवर हात ठेवून हसत होती.

पुढच्या रविवारी ती गणपती पेठेत गेली. राजमतीने तिला एकटी जाऊ दिलं आणि मग राहवेना म्हणून लांबून मागोमाग गेली. भडंगाच्या दुकानासमोर चंदना थांबली. गरम लसणाचा वास रस्ताभर होता. दुकानदाराने चाखायला म्हणून चिमूटभर पुढे केलं. तिने ते खाल्लं, मान डोलावली आणि पुढे जाऊन केसांच्या दोन पिना घेतल्या. राजमती एका बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकून रडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं तर तिने डोळ्यांत मिरचीची धूळ गेली म्हणून सांगितलं.

ते सहा महिने त्या घराला सणासारखे गेले. चंदनाला बेदाणा निवडायच्या केंद्रात काम मिळालं. तिथे कॅमेरे बेदाणे रंगावरून वेगळे करायचे, पण कॅमेऱ्याला न कळणारे डागी दाणे शेवटी माणसालाच वेचावे लागत. जिच्या पुढ्यात वाटीभर बेदाणे ठेवायची घरच्यांची छाती होत नव्हती, ती आता बेदाण्यांच्या ढिगापुढे आठ तास बसायची आणि एक दाणाही तोंडात टाकत नव्हती. जयसिंगपूरच्या एका लग्नात मगदूम कुटुंब तिघंच्या तिघं पंगतीला बसलं. राजमतीने बालवाडीच्या बाईंना निरोप पाठवला, जागा असेल तर मी परत येते.

*

पावसाळा निम्मा सरला तसे चंदनाचे कपडे ढिले व्हायला लागले. सगळ्यांनी कौतुक केलं. राजमतीनेही केलं, दोन ड्रेस आत घालून शिवून दिले. मग डबा भरलेला परत यायला लागला. विचारलं की चंदना म्हणायची, विसरले. ते खरंच असायचं. एका दुपारी केंद्रातून फोन आला की ती बेदाण्यांच्या टेबलावरच घेरी येऊन पडलीये. सकाळपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि आदल्या दिवशीचंही तिला आठवत नव्हतं.

राजमतीने तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. खपली गव्हाची खीर केली, तूप घालून वरणफळं केली. चंदना समोर ठेवलेलं दोन घास खायची आणि थांबायची.

"चव लागत नाही का?"

"लागते. चांगली आहे. पण अजून हवी असं वाटत नाही."

दिवाणखान्यातल्या टेबलावर एक मोठं कोडं अर्धवट पडून होतं. चंदनाने ते पाऊस सुरू झाला तेव्हा मांडलं होतं आणि मग त्याकडे फिरकली नव्हती. एके दिवशी तिच्यादेखत राजमतीने त्यातला जुळवलेला एक कोपरा हाताने विस्कटून टाकला. पूर्वी असं चुकून झालं असतं तरी घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. राजमती त्या ओरडण्याची वाट बघत उभी राहिली.

"असू दे," चंदना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या दिवशी राजमती पहिल्यांदा घाबरली.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. बस्तीत, म्हणजे मंदिरात, रोज पूजा, प्रवचन, आणि कितीतरी घरांत उपवास. चंदना आईबरोबर जायची आणि शांत बसायची. तिने चार दिवस जवळजवळ काही घेतलं नाही, हे बायकांच्या लक्षात आलं. ज्या मुलीपासून अन्न कुलपात ठेवावं लागत होतं तिने अन्नावर असा जय मिळवावा, याचं त्यांना मनापासून नवल वाटलं. त्यांच्यातल्या ताराक्का वयाने सगळ्यांत मोठ्या, स्वतः दहाही दिवस उपवास करणाऱ्या. पर्व संपताना चंदनाचा सत्कार करायचा असं त्यांनी ठरवलं आणि हार घेऊन घरी आल्या.

चंदनाने हार घेतला नाही. नमस्कार करून ती म्हणाली, "आक्का, तुम्हाला भूक लागते आणि तुम्ही जेवत नाही. तो उपवास. मला लागतच नाही. माझं कसलं कौतुक?"

 ताराक्कांनी हार खाली ठेवला आणि राजमतीला आत नेऊन हलक्या आवाजात सांगितलं की पोरीला डॉक्टरकडे ने, उशीर करू नकोस.

*

डॉ. शिकलगारांना त्यांनी काही सांगायची गरज पडली नाही. इलाज झालेल्या इतर काही जणांच्या घरूनही असेच फोन यायला लागले होते. डॉक्टर वर्षभरात थकल्यासारख्या दिसत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. आईकडची प्रत उघडली, ठरल्याप्रमाणे उघडली. पण वाहक भुकेच्या पेशींपाशी थांबले नाहीत. थोडे पुढे, जिथे माणसाला काही हवंसं वाटतं त्या भागात गेले. तिथेही हे एन्झाइम काही जागा आवळून धरत होतं. त्या एकेक करून सैल झाल्या. म्हणून आधी भूक माणसासारखी झाली, मग आणखी उतरली, आणि आता भुकेबरोबर दुसरंही हवंसं वाटणं उतरत चाललं होतं.

"मग ते एन्झाइम परत वाढवा," भूपाल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. यंत्राचा एखादा भाग मंद पडला तर तो रोज बदलून देत होता.

"करून पाहिलं, प्राण्यांवर. एन्झाइम परत येतं, मगदूमसाहेब. पण आधीच्या खुणा कुठे होत्या हे त्याला कळत नाही. त्या लहानपणी, मेंदू घडताना लागलेल्या असतात. आता ते भलतीकडेच खुणा लावतं. त्यातली दोन माकडं दगावली."

भूपाल खुर्चीत मागे टेकला. मग डॉक्टर म्हणाल्या की तूर्त वजन टिकवणं महत्त्वाचं. पोटात थेट नळी बसवता येईल, यंत्राने अन्न जाईल. पण त्यासाठी चंदनाची इच्छा हवी.

सगळे चंदनाकडे वळले. तिने तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"आई म्हणेल तसं करू."

"आई नाही गं," राजमती म्हणाली. "तू सांग. तुला काय हवंय?"

चंदनाने खरोखर शोधून पाहिलं. शाळेतल्या मुलीसारखी कपाळाला आठी घालून ती कितीतरी वेळ बसली. शेवटी म्हणाली, "सापडत नाहीये, आई."

डॉ. शिकलगार उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांनी माफी मागितली तेव्हा त्यांची पाठ या तिघांकडेच होती. राजमतीला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण डॉक्टरांनी सगळं आधीच सांगितलं होतं, आणि हो म्हणताना या खोलीत मनातून सगळ्यांत घाई राजमतीलाच झाली होती.

नळी बसवली नाही. 'खा' म्हणून सांगितलं की चंदना खाते, हे कळल्यावर डॉक्टरांनीच थोडं थांबू म्हटलं. पण सांगायला माणूस लागायचा. घड्याळ लावून पाहिलं तर ती घड्याळ बंद करायची आणि बसून राहायची. समोर बसून घासाघासाला कुणी म्हटलं तरच खायची. बेदाण्याचं काम सुटलं. बालवाडीच्या बाईंचा होकार आला होता. राजमतीने त्यांना नाही म्हणून कळवलं.

*

दिवाळीनंतर अकलूजहून शेंडगे नवरा-बायको आले. त्यांची सात वर्षांची मुलगी ओवी चंदनासारखीच होती. संस्थेने मात्रा कमी करून, वाहक बदलून इलाजाची नवी फेरी सुरू केली होती आणि यांना विचारलं होतं. डॉ. शिकलगारांनीच त्यांना सांगितलं होतं की होकार द्यायच्या आधी सांगलीला जाऊन या.

ते आले तेव्हा चंदनाचं जेवण चाललं होतं. राजमतीने ताट तसंच ठेवून पाहुण्यांना बसायला सांगितलं. ओवीची आई तेजस्विनी तिशीची होती. बोलताना तिची नजर सारखी मुलीवर होती आणि एक हात मुलीच्या मनगटावर. राजमतीला तो हात ओळखीचा वाटला. ती स्वतः तशीच वीस वर्षं बसली होती.

भूपालने त्यांना काय काय झालं ते सांगितलं, काही न वगळता. शेंडगे ऐकत होते आणि मध्येच विचारत होते की मात्रा किती होती, किती महिन्यांनी उतरायला लागलं. ऐकण्याच्या नादात तेजस्विनीचा हात सुटला असावा. भांडं वाजलं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. ओवी चंदनाच्या ताटासमोर मांडी घालून बसली होती आणि दोन्ही हातांनी भात तोंडात कोंबत होती. गालांना, हनुवटीला वरण लागलं होतं. चंदना तिच्यासमोर बसून तिच्याकडे एकटक बघत होती.

राजमतीने सवयीने धावायला हवं होतं. पण त्या पोरीच्या तोंडावर घासागणिक जे उमटत होतं ते बघत ती उभी राहिली. शेवटी तेजस्विनीनेच जाऊन ताट ओढून घेतलं. ओवीने असा टाहो फोडला की रस्त्यावरचा माणूस थांबला.

"मीपण असंच करायचे," चंदना तिला म्हणाली. मग मोठ्यांकडे वळून म्हणाली, "करायचे ते आठवतं. कसं वाटायचं ते आठवत नाही."

ओवीला कडेवर घेऊन तेजस्विनी चंदनाच्या समोरच खाली बसली. तिचे डोळे भरले होते. "ताई, खरं सांगा. तुम्हाला आता बरं वाटतं का?"

"तेव्हा मला सारखं काहीतरी हवं असायचं. रात्रंदिवस. ते फार वाईट होतं," चंदना म्हणाली. "आता काही नको असतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. आईला वाटतं."

तेजस्विनीने राजमतीकडे पाहिलं. "आक्का, तुम्ही आमच्या जागी असता तर?"

राजमतीने बोलायला तोंड उघडलं. नको करू म्हणावं, तर ही बाई या पोरीला घेऊन परत त्याच घरात जाणार होती. कड्या, कुलपं, उष्ट्या पत्रावळी. कर म्हणावं, तर समोर चंदना बसली होती.  तेजस्विनीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मान खाली घातली. जाताना शेंडग्यांनी हात जोडले. दारात तेजस्विनी राजमतीच्या गळ्यात पडली. गाडी वळेपर्यंत ओवीचं रडणं ऐकू येत होतं.

भूपाल दुकानात निघून गेला. राजमतीने चंदनासाठी दुसरं ताट वाढून आणलं, वरण गरम केलं आणि तिच्यासमोर बसली. घरच्या रीतीप्रमाणे उन्हं उतरायच्या आत जेवण व्हायला हवं होतं.

"घे," ती म्हणाली.

चंदनाने घास घेतला. चावून गिळला. पुढच्या घासासाठी आईकडे पाहिलं.

"ती लोकं काय करतील गं?" राजमतीने विचारलं.

"करतील. तिची आई दमलीये."

"आणि तुला कुणी परत विचारलं असतं तर?"

चंदना विचार करत राहिली. हातातला घास हातातच राहिला. "तेव्हाची मी हो म्हणाली असती," ती म्हणाली. "आत्ताच्या मला विचारून काय उपयोग?"

राजमतीने तिच्या हाताकडे बोट दाखवलं. चंदनाने तो घास खाल्ला. मग आणखी एक, आणि आणखी एक, प्रत्येक वेळी सांगितल्यावर. ताट अर्धं झालं तेव्हा तिने हात थांबवला. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, त्रासही नव्हता.

"आई, माझं पोट भरलं असेल का?"

राजमतीने तिच्या पोटावर हात ठेवला. हाताला काहीच कळलं नाही.

"अजून थोडं," ती म्हणाली.